उणे तीसला आलेलं शून्य

१९९७ सालच्या फेब्रुवारीत आमच्या प्रयोगशाळेत एका काळ्या गोळीतून वीज कसलाही अडथळा न होता वाहिली. निदान आम्हा तिघांना तसं दिसलं. तिघं म्हणजे ती गोळी तयार करणारी विद्याश्री पट्टणशेट्टी, तिचे मार्गदर्शक डॉ. हंबीरराव इंगवले आणि मी. मी कृष्णात. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात तंत्रज्ञ होतो. शिक्षण आयटीआय, फिटर. भट्ट्या दुरुस्त करणं, पंप चालू ठेवणं, तारा जोडणं ही माझी कामं.

कुठल्याही तारेतून वीज जाताना थोडी अडते, म्हणून तार तापते. काही पदार्थ मात्र असे असतात की ते पुरेसे थंड केले की हा अडथळा नुसता कमी होत नाही, संपतोच. त्यांना अतिवाहक म्हणतात. भानगड सगळी थंडीची. त्याच्या दहा वर्षं आधी परदेशात एक पदार्थ सापडला, तो उणे एकशे ऐंशी अंशांना अतिवाहक व्हायचा आणि तेवढ्यावरच जगभरातले लोक नाचले होते. आमची गोळी उणे तीसला झाली. उणे तीस म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या आइस्क्रीमच्या कारखान्यातली थंडी.

विद्याश्री गडहिंग्लजची. वडील चन्नाप्पा मिरचीचे व्यापारी. घरात कन्नड, बाहेर मराठी, प्रयोगशाळेत बहुतेक वेळा काहीच नाही. ती बोलायची कमी. इट्रियम, बेरियम आणि तांबं यांची पूड अकीक दगडाच्या खलात चार-चार तास घोटायची, गोळी दाबायची, भट्टीत घालायची. मध्येच लाईट गेली की भट्टी गार व्हायची आणि गोळी वाया जायची. मग ती खल धुऊन पुन्हा घोटायला बसायची. तिच्या आईनं एकदा येऊन हा प्रकार बघितला आणि म्हणाली, "घरी चटणी वाटायला सांगितली की हिचा हात दुखतोय."

गोळी थंड करायला द्रव नायट्रोजन लागायचा. तो मिळायचा जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रात, कारण तिथं वळूंचं वीर्य त्यात गोठवून ठेवतात. केंद्रावरचे जोतीराम चांगला माणूस, पण नायट्रोजन द्यायचा तर अर्ज लागायचा आणि छापील अर्ज एकाच प्रकारचा होता. पशुपालकाचं नाव, गाव, जनावराची जात, वेत म्हणजे व्यायची खेप कितवी. विद्याश्रीनं पहिल्यांदा जातीचा रकाना मोकळा सोडला. जोतीरामांनी अर्ज परत केला.

"मोकळा चालत न्हाय, ताई."

"पण जनावरच नाही ना."

"ते मला म्हाईत हाय. कागदाला म्हाईत न्हाय."

तिनं जातीपुढं 'इट्रियम' लिहिलं आणि वेतापुढं 'पहिलं'. त्यावर कधी कुणी काही विचारलं नाही. पुढच्या अर्जांत ती वेत वाढवत गेली.

मोजायची पद्धत अशी : गोळीला चार तारा जोडायच्या. बाहेरच्या दोन तारांतून ठरावीक वीज सोडायची आणि आतल्या दोन तारांमध्ये व्होल्टेज मोजायचं. व्होल्टेज शून्य, तर अडथळा शून्य. वीज सोडणारी पेटी सरांनी आणि मी मिळून बनवली होती. सुरुवातीला तिचा आकडा बघायचा आणि पुढं तो तसाच राहणार असं धरून चालायचं. आम्ही दोन वर्षं तसंच धरून चाललो होतो.

त्या दिवशी थंडी उणे तीसवर गेली आणि व्होल्टेज शून्यावर आलं. विद्याश्री म्हणाली, "काहीतरी चुकलंय."

गोळी थोडी गरम केली, व्होल्टेज परत आलं. पुन्हा थंड केली, उणे तीसला पुन्हा शून्य. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. अतिवाहक चुंबकाला दूर ढकलतो, म्हणून चुंबक ठेवून बघितला. उणे तीसला तो गोळीवर मुकाट पडून राहिला. सर म्हणाले, गोळीतला थोडाच भाग तसा झाला असेल, चुंबक उचलण्याएवढा नसेल. हे शक्य होतं. सर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि अशक्य काही ऐकायची त्यांची त्या दिवशी तयारी नव्हती.

"हे बाहेर कुणाला बोलायचं नाही," ते म्हणाले.

मी फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर बोललो. एकालाच सांगितलं. तो वार्ताहर निघाला.

चौथ्या दिवशी पेपरात आलं : 'विजेची गळती थांबणार, कोल्हापूरच्या शास्त्रज्ञाचा शोध'. सरांचा फोटो होता. विद्याश्रीचं नाव 'विद्यादेवी' छापलं होतं. सरांनी पेपरकडं एकदा आणि माझ्याकडं एकदा बघितलं. 

मग माणसं यायला लागली. कबनूरचा एक यंत्रमागवाला मोटारीची जळकी वायर पिशवीत घालून आला.

"पावणं, हिच्यात ते औषध भरून मिळंल काय?"

मी म्हटलं, तसं नसतंय. तो म्हणाला, "मग कसं असतंय?" मी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि जाताना वायर ठेवून गेला. वेळ मिळाला की बघा म्हणाला.

सरांचं गाव कागल. तिथल्या आणि कोल्हापुरातल्या मंडळींनी मिळून सत्कार समिती केली. अध्यक्ष गणपतराव, उद्यमनगरात त्यांची फौंड्री होती. हॉल ठरला, एप्रिलातला रविवार ठरला, पत्रिका छापल्या. सर सुरुवातीला नको म्हणाले, मग इतक्यात नको म्हणाले, मग काही म्हणाले नाहीत.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी विद्याश्री माझ्याकडं आली. "मामा, तुमचा जुना मीटर द्या."

"कशाला?"

"वीज खरंच जातीय का बघते."

मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मीटर दिला. तिनं तो वीज सोडणाऱ्या तारेच्या वाटेत जोडला आणि गोळी थंड करायला घेतली. मी शेजारी उभा राहिलो. उणे वीस. उणे पंचवीस. उणे तीसला व्होल्टेज शून्य झालं आणि त्याच क्षणी माझ्या जुन्या मीटरचा काटाही शून्यावर पडला.

गोळीतून वीज अडथळ्याशिवाय जात नव्हती. वीज जातच नव्हती.

तिनं उदबत्तीची काडी घेतली आणि तार जिथं गोळीखालच्या पट्टीला सोल्डरनं जोडली होती तिथं दाबली. दोन्ही मीटर उठले. काडी सोडली, दोन्ही पडले. मग सगळं बाहेर काढून भिंगातून बघितलं. सोल्डरला केसाएवढी भेग होती. खोलीतल्या हवेत ती मिटलेली असायची आणि थंडीनं धातू आकसला की बरोबर उणे तीसला उघडायची.

ते सोल्डर मी केलेलं होतं. घाईत केलं नव्हतं. नीट केलं होतं. तरी तडकलं.

ती रडली नाही. वही काढली, तारीख घातली आणि जे झालं ते लिहायला लागली.  मी म्हटलं, "ताई, रविवार होऊ दे. सोमवारी सांगूया."

"सोमवारी गोळी बदलणार हाय काय, मामा?"

"गोळी न्हाय बदलणार. पण सरांचा सत्कार तरी हुईल."

ती लिहायची थांबली. "कशाबद्दल?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. 

आम्ही सरांच्या घरी गेलो. तिथं फेटेवाला आलेला होता. रविवारचा फेटा किती मोठा लागेल ते तो बघत होता. सर खुर्चीत ताठ बसले होते.

"बोल, विद्या," सर म्हणाले. "फक्त मान हलवायची नाही म्हणालेत हे, तेव्हा मी असाच ऐकतो."

तिनं सांगितलं. मीटर, काडी, भेग. सर मान न हलवता ऐकत होते. फेटेवाल्यानं एक वेढा घातला, दुसरा घातला.

"किती वेळा बघितलंस?"

"तीनदा, सर."

"आधीचं शून्य किती वेळा बघितलं होतं?"

"तेही तीनदाच."

"सोल्डर माझं हाय, सर," मी म्हटलं.

"हे मी विचारलं का?" सर म्हणाले. मग फेटेवाल्याला म्हणाले, "सोडा."

"अजून शेमला काढायचा हाय की, सर."

"सोडा म्हटलं."

तसेच ते प्रयोगशाळेत आले. कपाळावर फेट्याचा वळ उठलेला होता. गोळी पुन्हा थंड करायला लावली आणि स्वतः काडी हातात घेतली. दाबली, सोडली. दाबली, सोडली. असं किती वेळ केलं सांगता येत नाही. टाकीतला नायट्रोजन आटून गोळी आपोआप गरम झाली तेव्हा ते थांबले. स्टुलावर बसले. मी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले. वाक्य तिथंच राहिलं. मग उठले आणि म्हणाले, "गणपतरावांकडं जाऊया."

फौंड्रीत ओतकाम चालू होतं. गणपतरावांनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"चुकलं म्हंजे किती टक्के चुकलं, सर?"

"शंभर."

"शंभर? मग जरा अवघड हाय." त्यांनी विचार केला. "पण कार्यक्रम रद्द करता येणार न्हाय. हलगीवालं सांगितल्यात. कागलासनं दोन ट्रक माणसं येणार हाईत. आणि खरं सांगू? आमच्या कास्टिंगमधी बी भेगा येत्यात. म्हणून आम्ही कारखाना बंद करतोय व्हय?"

"भेग पडलेलं कास्टिंग तुम्ही गिऱ्हाइकाला देता?" सरांनी विचारलं.

 "न्हाय देत," गणपतराव म्हणाले. "परत भट्टीत टाकतो." मग खुर्ची सरकवून उठले. "आसं करा. कार्यक्रम हू द्या. काय सांगायचं ते तुम्हीच स्टेजवरनं सांगा. मला सांगायला लावू नका."

रविवारी हॉल भरला. चन्नाप्पा गडहिंग्लजहून जीपमध्ये आठ माणसं घालून आले होते, त्यांना विद्याश्रीनं काही सांगितलेलं नव्हतं. पहिल्या रांगेत सरांच्या आई धोंडुबाई बसल्या होत्या. हलगी वाजली, सरांना फेटा बांधला, शाल दिली, तिघांची भाषणं झाली. एका वक्त्यानं सांगितलं की आता शेतीपंपाला बारा महिने वीज मिळणार. टाळ्या.

सर उठले. म्हणाले, "पेपरात आलेली बातमी चुकीची आहे. आम्ही असा कोणताही शोध लावलेला नाही."

टाळ्या आणखी जोरात. शेजारचा माणूस मला म्हणाला, "बघा, मोठी माणसं किती नम्र असत्यात."

सरांनी टाळ्या संपू दिल्या. मग माईक जवळ ओढला आणि गावाकडच्या भाषेत ओरडून म्हणाले, "आरं, नम्रता न्हाय ही! तार तुटली हुती! वीज जातच नव्हती, आणि आम्हाला वाटलं लई जोरात जातीया. चूक माझी हाय. मी मीटर लावाय पायजे हुता, लावला न्हाय."

 मागच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची वाजली.

"ही चूक हिनं शोधली," सर म्हणाले आणि विद्याश्रीला स्टेजवर बोलावलं. ती गेली. माईक तिच्या तोंडापेक्षा वर होता, तो कुणी खाली केला नाही, त्यामुळं ती काय बोलली ते पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. तिनं जसं झालं तसं सांगितलं, मीटर, काडी, भेग. ती थांबली तेव्हा धोंडुबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तार तुटलीती व्हय? मग जोड की!"

सगळा हॉल हसला. विद्याश्रीसुद्धा हसली. सर हसले नाहीत. त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली आणि खाली उतरले. थोडी माणसं उठून गेली, बाकीची जेवायला थांबली.

बाहेर जीपपाशी चन्नाप्पा उभे होते. बरोबरचे पाहुणे जीपमध्ये जाऊन बसले होते. विद्याश्री समोर आली तेव्हा त्यांनी शालीकडं बघितलं.

"मगळे," ते म्हणाले. कन्नडमध्ये मुलीला अशी हाक मारतात. "बाजारात वजन वाढावं म्हणून मिरचीवर पाणी मारणारे मी रोज बघतो. आजवर एकानंही स्वतःहून सांगितलं नाही." मग जीपमध्ये चढले आणि ड्रायव्हरला चल म्हणाले.

पेपरनं दुरुस्ती छापली नाही. सरांनी दोन पत्रं पाठवली. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं की जागेअभावी शक्य नाही. विद्यापीठातून मात्र पत्र लगेच आलं, खुलासा करा म्हणून. सरांनी एका ओळीत खुलासा केला. त्या वर्षी नव्या उपकरणासाठी मागितलेला निधी परत गेला आणि सरांचं विभागप्रमुखपद दुसऱ्याकडं गेलं. सर कधीकधी वर्गातून येऊन खिडकीपाशी उभे राहायचे.  दोन वर्षांनी निवृत्त होऊन कागलला राहायला गेले.

मी सगळी सोल्डरं काढली आणि तारा स्क्रूनं आवळल्या. विजेच्या वाटेत आता कायमचा मीटर आला. गोळ्या उणे एकशे ब्याऐंशीला अतिवाहक व्हायला लागल्या, म्हणजे जगात सगळ्यांच्या होत होत्या तिथंच. नवीन काही नाही. विद्याश्री तशीच घोटत होती.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात एक गोळी मी बनवलेल्या स्क्रूच्या चिमट्यात फुटली. ती टाकून द्यायच्या ऐवजी तिनं दोन तुकडे एकमेकांना टेकवून चिमट्यात धरले आणि मोजले. थंड केल्यावर वीज त्या सांध्यातून व्होल्टेज न लावताच पलीकडं जात होती. थोडी सोडली तर जायची. एका मर्यादेच्या वर सोडली की एकदम व्होल्टेज उभं राहायचं. चुंबक जवळ नेला की ती मर्यादा खाली जायची, मग वर, मग खाली, लाटेसारखी.

सर तेव्हा निवृत्त व्हायचे होते, तिनं त्यांना बोलावलं. तिनं कायम लावलेला मीटर सर आधी दहा मिनिटं बघत बसले, मग सांध्याकडं बघितलं. त्यांनी मला समजेल असं सांगितलं ते असं : थंडीत इलेक्ट्रॉन जोड्या करून चालतात. सगळ्या जोड्या एका तालात असतात. सांधा बारीक असेल तर त्यांना कुणी न ढकलता त्या मधली फट ओलांडतात, कारण दोन्ही तुकड्यांतला ताल एकमेकांना लागतो. पुंजभौतिकीचा नियम आहे हा, आणि तो अणूच्या पोटात लपलेला नाही, ह्या चिमट्यात आहे. शोध जुनाच. बाहेर लोकांनी त्याच्यावर विजेची सर्किटं बांधली होती, मेंदूतलं चुंबकत्व मोजणारी यंत्रं केली होती. पण तसले सांधे त्यांच्याकडं कोट्यवधींच्या यंत्रांवर व्हायचे. फुटक्या गोळीवर आणि फिटरनं केलेल्या चिमट्यावर किती होतं, हे कुणी नीट लिहिलेलं नव्हतं. विद्याश्रीनं तेच लिहायला घेतलं. सांधा किती दाबला तर किती वीज जाते, किती वेळा गार-गरम केला तर बिघडतो. दोनशे चौदा सांधे तिनं मोजले. चिमट्याचा स्क्रू मी फिरवायचो, पाव आटा, अर्धा आटा.

दोन हजार साली तोंडी परीक्षा झाली. बंगळूरहून परीक्षक आले होते. प्रबंध चाळत ते दुसऱ्या प्रकरणावर थांबले.

"ही चार पानं कशासाठी आहेत? ह्यात तुम्ही फक्त स्वतःची चूक लिहिली आहे. सोल्डरची भेग, आकृतीसह."

"हो, सर," विद्याश्री म्हणाली.

"ही काढली तर प्रबंध चांगला दिसेल."

"ती काढली तर पुढच्या माणसाला पुन्हा दोन महिने लागतील, सर."

परीक्षकांनी सरांकडं बघितलं. सर निवृत्त असले तरी मार्गदर्शक म्हणून कागलहून एसटीनं आले होते. सर छताकडं बघत होते. चार पानं राहिली. विद्याश्री डॉक्टर झाली आणि गडहिंग्लजच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागली. तिथं द्रव नायट्रोजन नव्हता. तिनं पुन्हा अर्ज केला.

२००३ साली तिला दक्षिणेकडच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. तिथल्या दोघांना एका नव्या पदार्थात उणे चाळीसला शून्य दिसलं होतं. लेख पाठवायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तिच्या प्रबंधातली ती चार पानं वाचली आणि विजेच्या वाटेत मीटर लावला, तोही शून्यावर पडला. लेख पाठवला नाही. आभार मानले होते, आणि शेवटी मोजणीचा आलेख जोडून विचारलं होतं की ही भेग नेमकी कुठं असावी, तुम्हाला काही अंदाज येतो का.

ती पत्र घेऊन कागलला गेली. मीही गेलो. सर अंगणात बसले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, परत उलगडलं. सून क्रांतीला चहा टाकायला सांगितलं. मग आलेख गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "भेग नाही ही. स्क्रू ढिला आहे."

"नाही, सर," विद्याश्री म्हणाली. "स्क्रू ढिला असता तर रेघ थरथरली असती."

"तुला काय माहीत, थरथरली नसेल?"

"इथं बघा ना, सर."

क्रांतीनं आणलेला चहा दोघांनी घेतला आणि सहा वाजेपर्यंत ते त्या आलेखावरून भांडत बसले. मला त्यातलं कुणाचं बरोबर होतं ते कळलं नाही, पण मला दोघांनीही विचारलं, आणि माझं सोल्डर आठवून मी दोघांनाही स्क्रू म्हणून सांगितलं.